नाटकाने बोध करावा काय?

व्याख्यानाला येणारा श्रोता काहीतरी शिकण्यासाठी येतो, अशी वक्त्यांची समजूत असते. आमचीही होती. पण तीस वर्षे कारखान्यांच्या आणि खाणींच्या दारांवर सभा घेतल्यावर आमच्या ध्यानात आले की, मागण्यांची यादी वाचली जात असताना जो कामगार घराची वाट धरतो, तोच एखादा किस्सा सुरू झाला म्हणजे सायकल पुन्हा भिंतीला टेकवून उभा राहतो. किस्सा संपला की जातो. यावरून कोणी म्हणेल की, लोकांना करमणूक हवी, शहाणपण नको. दुसरा कोणी म्हणेल की, मग करमणुकीतूनच शहाणपण पाजा. कडू औषध गुळात घालून देतात तसे. या दोन्ही म्हणण्यांत खरे किती आणि खोटे किती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा वाद मराठीला नवा नाही. ‘कलेसाठी कला’ म्हणणारे ना. सी. फडके आणि ‘जीवनासाठी कला’ म्हणणारे वि. स. खांडेकर यांच्या नावांभोवती तो एके काळी पुष्कळ गाजला. आम्ही तो वाचला फार उशिरा, पाळी संपल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. तेव्हा सौंदर्यशास्त्राच्या भाषेत बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला या विषयावर साक्ष देण्याचा एक अधिकार खचित आहे. या दोन जिल्ह्यांत नाटक अजून जिवंत आहे आणि दारूही अजून जिवंत आहे. नाटक पाहून दारू सुटते काय, हा प्रश्न आमच्याकडे घरोघरी विचारला गेलेला आहे. म्हणून साऱ्या कलाव्यवहाराचा विचार न करता, नाटक आणि दारू या दोन गोष्टी समोर ठेवूनच आम्ही बोलणार आहोत.

आधी नाटकाविषयी. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना पसरलेला, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी सरली की येथे गावोगाव मंडई भरते. धान कापून घरी येते, हातात चार पैसे खुळखुळतात, आणि मग होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, ही जोडी जुनी आहे. देसाईगंज-वडसा हे या नाटकांचे माहेर. मंडळ्यांची कार्यालये तेथे आहेत. गावचे मंडळ तेथे जाऊन नाटक ठरविते, विसार देते, तिकिटे काढते, आणि शिल्लक उरली तर ती गावच्याच एखाद्या कामाला लावते. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो तो उजाडता उजाडता खाली येतो. पाहुणे आलेले असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, म्हातारी माणसे घोंगडी पांघरून पुढे बसलेली असतात. या रंगभूमीवर जन्म घालविलेले गडचिरोली जिल्ह्यातले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे पुण्या-मुंबईच्या पुष्कळ लोकांना झाडीपट्टी हे नाव कळले.

या नाटकांच्याही आधीपासून येथे दंडार आणि खडी गंमत आहे. त्यांत सोंग आहे, नाच आहे, शाहीर आहे, आणि सावकारापासून गावच्या पाटलापर्यंत कोणाचीही टर उडविण्याची मुभा आहे. देवाला नमन होते. पण नमनाला घडाभर तेल कोणी घालीत नाही. पाहणारे तेथे हसायला जमतात. त्या हसण्यात सावकाराचे खरे रूप बाहेर पडले, तर तो बोध म्हणावयाचा की करमणूक, याची वाटणी आमच्या बापजाद्यांनी कधी केली नाही.

ती वाटणी कीर्तनाने मात्र केली. कीर्तनाचा पूर्वरंग निरूपणाचा आणि उत्तररंग आख्यानाचा. बुवा आधी सिद्धांत सांगतात, मग गोष्ट. दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून येतात, पण कोणते काय आहे हे श्रोत्याला ठाऊक असते. कोणी कोणाला फसवीत नाही. कीर्तनाला जाणारा मनुष्य उपदेश ऐकण्याच्या तयारीने जातो, म्हणून तेथला उपदेश त्याला खुपत नाही. हा भेद आपण ध्यानात ठेवू. पुढे तो उपयोगी पडेल.

आता, गाण्या-बजावण्याने माणसे कधी हालतच नाहीत, असे म्हणणाऱ्याने आमच्याच चिमूरकडे पाहावे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमुरास जो उठाव झाला, त्याच्या मागे तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची प्रेरणा होती, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. सरकारलाही ती कळली होती; त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली. एका खंजिरीची सरकारला धास्ती वाटली, यावरून कलेची शक्ती किती, हे दिसते. परंतु थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे. चिमूरच्या लोकांना परकी सत्ता वाईट आहे, हे भजनातून प्रथमच कळले काय? जंगलाचे कायदे, लाकूडफाट्यावरची जरब, महागाई, हे सारे ते रोज भोगीत होते. भजनाने त्यांना नवी माहिती दिली नाही. प्रत्येकाच्या पोटात एकेकटे असलेले दुःख दहा हजारांच्या मेळ्यात एका तालावर आणले. आपण एकटे नाही, ही जाणीव त्यांना झाली, आणि ती व्याख्यानाने होणे कठीण होते.

दुसरे उदाहरण मराठी रंगभूमीचे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने बाप आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्याला देऊ पाहतो, हा त्याचा विषय. पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. तो ‘सारडा कायदा’ या नावाने ओळखला जातो, म्हणून पुष्कळांची समजूत अशी की, देवलांच्या शारदेवरून हे नाव पडले. तसे नाही. हरबिलास सारडा यांनी ते विधेयक मांडले, त्यांचे हे नाव. मात्र या गैरसमजुतीतही एक अर्थ आहे. नाटकाने कायदा घडविला, असे लोकांना वाटावे, इतके ते नाटक त्यांच्या मनात रुजले होते. पण नाटक आणि कायदा यांच्यामध्ये ३० वर्षे गेली. त्या ३० वर्षांत ‘शारदा’ पाहून डोळे पुसणाऱ्या किती बापांनी घरी जाऊन आपल्या लहान मुलींची लग्ने ठरविली असतील, कोण सांगणार? देवलांनी एवढेच केले की, जिच्याविषयी सारे बोलत होते, पण जी स्वतः बोलत नव्हती, तिला बोलते केले. एकदा ती बोलली, म्हणजे तिचे ऐकलेच नाही असे कोणाला म्हणता येईना. नाटकाचे काम तेथपर्यंत. तेथून पुढचे काम सुधारकांचे, चळवळीचे आणि कायदेमंडळाचे.

आता दारूकडे वळू. दारूवरचे मराठी नाटक म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आमच्याच विदर्भात, सावनेरला वारले. नाटक गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणले ते त्यांच्या मागे, त्याच वर्षी. बालगंधर्वांची सिंधू अवघ्या महाराष्ट्राने पाहिली. त्या गोष्टीला १०० वर्षे उलटून गेली. पण झाडीपट्टीत हे नाटक पाहिलेली माणसे आजही भेटतात. कथा सर्वांना ठाऊक आहे. सुधाकर हा हुशार, मानी वकील. भर कोर्टात त्याचा पाणउतारा होतो, काही काळ त्याची सनद जाते, आणि त्या जळत्या मनावर उतारा म्हणून त्याचा कारकून तळीराम त्याला पहिला प्याला देतो. मग संसाराची राखरांगोळी. नाटकात तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ आहे. तेथे दारुडे जमतात आणि मोठ्या विद्वत्तेचा आव आणून दारूचे समर्थन करतात. प्रेक्षक खो खो हसतात.

आता आमच्या हातून जी चूक झाली ती सांगतो. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तीच आहे.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात कामगारांनीच एखादे नाटक बसवावे असे ठरले. खाणीच्या वसाहतीत दारूने उच्छाद मांडला होता. तेव्हा ‘एकच प्याला’ घ्यावे, यावर सर्वांचे एकमत झाले. पाच अंकांचे नाटक सबंध करणे वेळेत बसणार नव्हते, म्हणून काटछाट करण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही लाल पेन्सिल घेऊन बसलो. मदिरा मंडळाचे प्रवेश वाचले आणि वाटले की, हे तर दारूचे कौतुक झाले! दारुडे समोर बसणार, टाळ्या पिटणार, आणि तळीरामाचे युक्तिवाद पाठ करून गुत्त्यावर म्हणून दाखविणार. ते प्रवेश आम्ही गाळले. मग सुधाकराच्या अपमानाचा भाग आला. तोही आम्हाला खटकला. पिणाऱ्याला सबब मिळेल, असे वाटून तो चार वाक्यांवर आणला. शेवटी रामलालच्या तोंडी एक लांबलचक भाषण घातले. दारूने शरीराचे काय होते, घराचे काय होते, संघटनेचे काय होते. ते भाषण आम्ही स्वतः लिहिले होते आणि आम्हाला ते फार आवडले होते.

प्रयोग झाला. पहिल्या अर्ध्या तासात पोरे पळापळी करू लागली. मग बायका पोरांना शोधायच्या निमित्ताने उठल्या. पुरुषांपैकी ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ते तर मध्येच बाहेर जाऊन, ज्या कामासाठी जातात तेच करून परत आले. शेवटच्या भाषणाला टाळ्या पडल्या, त्या कार्यकारिणीच्या सभासदांच्या.

दुसऱ्या दिवशी वसाहतीतल्या एका बाईने आम्हाला नळावर गाठले. तिचा नवरा आठ महिन्यांपासून सस्पेंड होता, आणि पीत होता. तिने माहेरच्या मंडईत ‘एकच प्याला’ दोनदा पाहिले होते. ती म्हणाली, “भाऊ, दारूनं घर बुडते, हे आमाले तुमी सांगाले पायजे का? थो कायले पेते, थे तं तुमी काढूनच टाकलं.”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही कचेरीत आलो, आणि पुस्तक पुन्हा उघडले. सुधाकराची सनद जाते. म्हणजे काय होते? त्याचे काम जाते, आणि कामाबरोबर त्याचा मान जातो. सकाळी उठून जाण्याचे ठिकाण उरत नाही. जो मनुष्य काल चार लोकांत बोलत होता, त्याला आज घरातल्या माणसांच्या नजरेला नजर देववत नाही. ही तर आमच्या कपाटातली फाईल होती! सस्पेंड झालेल्या कामगारांच्या चौकशा आम्ही वर्षानुवर्षे लढवीत होतो. अर्ज लिहीत होतो, तारखा घेत होतो, निर्वाह भत्ता मिळवून देत होतो. पण त्या आठ-दहा महिन्यांत तो मनुष्य दिवसभर करतो काय, हे आम्ही कोणाला विचारले नव्हते. कामावर परत घेतल्याचा हुकूम आम्ही विजयाने घेऊन जात असू, आणि पुष्कळदा तो हुकूम घेण्याच्या स्थितीत तो मनुष्य राहिलेला नसे. गडकऱ्यांनी १९१९ पूर्वी लिहून ठेवलेली गोष्ट आम्ही लाल पेन्सिलीने खोडली होती, आणि वर रामलालच्या तोंडून भाषण दिले होते.

पुढल्या वर्षी तेच नाटक आम्ही काहीही न गाळता रात्रभर केले. तळीरामाला शिट्ट्या पडल्या. मदिरा मंडळाच्या प्रवेशात तर पुढच्या रांगेतले काही ओळखीचे पिणारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसत होते. कारण ती भाषा त्यांचीच होती. आणि गंमत अशी की, त्या हसण्यानेच ते नाटकात शिरले. एकदा शिरल्यावर शेवटच्या अंकात त्यांना बाहेर पडता येईना. सिंधू जात्यावर बसली तेव्हा मंडपात जी शांतता झाली, तशी शांतता आमच्या एकाही सभेत कधी झालेली नाही. त्या हसणाऱ्यांपैकी कोणी दुसऱ्या दिवसापासून दारू सोडली, असे सांगता आले असते तर बरे झाले असते. तसे झाले नाही. बदल झाला तो आमच्यात. त्या वर्षापासून संघटनेने असा नियम केला की, कामगार सस्पेंड झाला की त्याच्या घरी दर आठवड्याला दोघांनी जायचे, त्याला कचेरीत बसवून काहीतरी काम द्यायचे, आणि चौकशीच्या तारखेला त्याला एकट्याने जाऊ द्यायचे नाही. काही जण तरीही बुडाले. काही तरले. नाटकाने बोध केला असेल तर तो, बोध करायला निघालेल्या आम्हालाच केला.

यावरून आमचे मत असे बनले आहे. दारू वाईट आहे, हे वाक्य सांगण्यासाठी नाटकाची गरज नाही. ते भिंतीवर लिहिता येते, आणि लिहिलेले आहेच. ते वाक्य कोणालाही नवे नाही. पिणारा शहाणा मनुष्य प्यायला कसा लागला, त्याच्या मनाने त्याला कोणती सबब दिली, ती सबब ऐकताना आपल्यालाही ती थोडी पटली कशी, हे मात्र भिंतीवर लिहिता येत नाही. ते पाहावे लागते, आणि पाहताना तळीरामाला त्याचे म्हणणे पुरते मांडू द्यावे लागते. ज्या नाटकात वाईटाला वकील मिळत नाही, तेथे चांगल्याचा विजय म्हणजे एकतर्फी निकाल. असा निकाल प्रेक्षक मान्य करतो, टाळी वाजवितो, आणि विसरतो.

कोणी विचारील की, मग दारू थांबवायची कोणी? त्याचे उत्तर आमच्या जिल्ह्यांनी आपल्या परीने देऊन पाहिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासारखे कार्यकर्ते आणि गावोगावचे लोक यांच्या आंदोलनानंतर १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बाया पायी मोर्चे घेऊन गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून तेथेही बंदी आली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठविण्याचा निर्णय घेतला. गडचिरोलीची चालूच राहिली. बंदी असावी की नसावी, यावर आमच्या संघटनेतही दोन तट आहेत, आणि तो वाद आजचा विषय नव्हे. येथे एवढेच सांगावयाचे की, दुकान उघडे ठेवावे की बंद, हा प्रश्न कायद्याचा आहे. तो सोडविण्यासाठी मोर्चा लागतो, ग्रामसभेचा ठराव लागतो, मतपेटी लागते. मनुष्य दुकानाकडे का वळतो, हा प्रश्न निराळा. पहिल्या प्रश्नाचे ओझे नाटकावर टाकले की नाटक मरते. आणि नाटक केले म्हणून पहिला प्रश्न सुटला असे मानले की चळवळ मरते. व्यसनमुक्ती सप्ताहात एक पथनाट्य करून अहवालात त्याचा फोटो चिकटविणारी मंडळी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी साधतात.

येथवर वाचून नाटकमंडळीचा एखादा मालक आम्हाला आपला समजेल. तो म्हणेल, बरोबर बोललात. आम्ही लोकांना हसवितो, शिकविण्याची जबाबदारी आमची नाही. त्यालाही आमचे उत्तर आहे. शिकविण्याची इच्छा नसली म्हणून शिकविणे थांबत नाही. तोतऱ्या माणसाची नक्कल, काळ्या बायकोची थट्टा, जंगलातून आलेल्या भोळ्या गोंडाचे ठरीव विनोदी पात्र, हे सारे पाहून पुढे बसलेले पोर काहीतरी शिकतच असते. दुसऱ्या दिवशी शाळेत ते कोणाला तरी तसेच चिडविते. तेव्हा ‘आमचे फक्त मनोरंजन’ ही ढाल कोणी पुढे करू नये. फरक असा की, या दुखण्यावर उपाय म्हणून शेवटी एक उपदेशाचे भाषण जोडून भागत नाही. उपाय एकच. त्या भोळ्या गोंडाला खरा माणूस म्हणून लिहा. मग त्याला हसायचे की त्याच्याबरोबर हसायचे, हे प्रेक्षकाला आपोआप कळते. खोटे चित्र काढणे, ही नाटककाराची खरी अनीती. मग ते चित्र हसविण्यासाठी काढलेले असो, की उपदेशासाठी.

नीतीची भाषा निघालीच आहे, तर एक गोष्ट कामगार कार्यकर्ता म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत मध्ये मध्ये नाच घालतात, म्हणून शहरातली सभ्य मंडळी नाके मुरडतात. नाच चांगला की वाईट, यावर परिसंवाद होतात. पण ती नाचणारी बाई एका नाईटचे काय घेते, ते तिला वेळेवर मिळते काय, हिवाळ्यातल्या पहाटे तीन गावे ओलांडून ती कोणत्या गाडीतून परत जाते, आजारी पडली तर काय करते, हे त्या परिसंवादात कोणी विचारीत नाही. हंगाम चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने पुष्कळ कलावंत रोवणीला जातात, तेंदूपत्ता तोडतात, मिळेल ते काम करतात. करोनाच्या साथीत २०२०-२१ चा हंगाम बुडाला, तेव्हा राजाची आणि सेनापतीची कामे करणारी माणसे मजुरीच्या रांगेत उभी राहिली. ज्यांना रंगभूमीवर नीती पाहिजे, त्यांनी ती पडद्याच्या मागून सुरू करावी, ही आमची नम्र सूचना आहे.

आणखी एक मुद्दा. बोधाची मागणी करतो कोण, हेही पाहावे लागते. १८७६ साली इंग्रज सरकारने नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा केला, तेव्हा त्यातही लोकांच्या नीतीची काळजी होतीच. पुढे १९१० साली खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली. पुराणातल्या एका दुष्टाचा वध, यापेक्षा नैतिक गोष्ट ती कोणती? पण कीचक कोण, हे प्रेक्षकांना कळले, आणि सरकारलाही कळले. स्वराज्यात १९७२ साली तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर परिनिरीक्षण मंडळाने आक्षेप घेतले, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. आमच्या गडचिरोलीच्या जंगलात बंदूक हाती घेतलेल्यांनी आपली गाण्या-नाट्याची पथके ठेवली होती, आणि पोलिसांच्या जनजागरण मेळाव्यांतही नाटके झाली. पाहणारा आदिवासी दोन्हीकडे बसला, दोन्हीकडे त्याने मान हलविली. त्याच्या मनात काय होते, हे कोणालाच कळले नाही. कारण तेथे हसण्याची मोकळीक नव्हती. जेथे चुकीच्या जागी हसण्याची मुभा नाही, तेथे मान हलते आणि मन जागचे हालत नाही. म्हणून बोधाची पहिली अट आम्ही अशी सांगतो: प्रेक्षकाला नाही म्हणता आले पाहिजे.

तात्पर्य सांगण्याची रीत आहे. पण ज्या लेखात तात्पर्याच्या विरुद्ध इतके बोललो, त्याच्या शेवटी ते चिकटविणे शोभणार नाही. नाटक पाहून घरी येताना आम्ही स्वतःला दोन प्रश्न विचारतो, तेवढे सांगून थांबतो. ज्याचा राग यावा अशा पात्राचे म्हणणे आपल्याला क्षणभर तरी समजले काय? आणि ज्या माणसाला आपण रोज ओळखतो असे समजत होतो, त्याच्याविषयी आपल्याला नवे काही कळले काय? या दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर त्या नाटकात बोध होता की नव्हता, याची चिकित्सा आम्ही करीत बसत नाही.

गेल्या हंगामात नागभीडकडच्या एका मंडईत आम्ही नाटक पाहिले. उजाडताना मंडप रिकामा झाला. घोंगड्या खांद्यावर टाकून माणसे टपरीवर चहाला थांबली, आणि वाद सुरू झाला. चूक नायकाची की त्याला नादी लावणाऱ्याची? एक म्हणाला, बायकोने आधीच माहेर गाठायला पाहिजे होते. टपरीवालीने कपबशी आपटून विचारले, माहेर असते का सगळ्याईले? मग वाद निराळाच झाला. कोणाच्या तरी खऱ्या बहिणीचे नाव निघाले, आणि आवाज खाली आले. आम्ही एरवी अशा जागी तोंड उघडल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी दुसरा चहा मागितला आणि ऐकत बसलो.